जाड्याचा सीझन

गणपती गेले की आमच्या घरात आता दिवाळीची वाट बघत नाहीत. आमची ही वाट बघते ऑपेराच्या सीझनची. 'सीझन' हा शब्द आमच्या वटार गावात आजवर आंब्याला लागायचा, फार तर लग्नांना. आता ही सकाळी चहाचा कप घेऊन ओटीवर बसते, मोबाइल लांब धरून बघते आणि म्हणते, "यंदाचा सीझन चांगला दिसतोय." आणि माझ्या पोटात दुखायला लागतं.

ऑपेरा म्हणजे काय, असं मला विचाराल तर गोऱ्या लोकांचं संगीत नाटक. आपल्या नाटकात माणसं गाण्याच्या मध्ये बोलतात, यांची बोलतानाही गातात. 'दार लाव' एवढंच सांगायचं असलं तरी तान घेऊन सांगतात. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या थिएटरात प्रयोग होतो, तो कॅमेऱ्यांनी टिपतात आणि जगभरच्या सिनेमागृहांत दाखवतात. आचोळ्याच्या बाजूला नवा मॉल झाला आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या सिनेमागृहानं गेल्या वर्षीपासून हे सुरू केलं. महिन्यातला एक रविवार, दुपारचा खेळ. वटारहून आचोळं म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडून पार पूर्वेला. 'तिकडे धूळ फार' म्हणून जी बाई लग्नाचा बस्ता घ्यायलाही पूर्वेला जायला तयार नसायची, ती आता रिक्षावाल्याला स्वतः रस्ता सांगते.

हे वेड लावलं सांडोरच्या बाईंनी. दोघी एकाच प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, एकाच वर्षी रिटायर झाल्या. सांडोरच्या बाई ख्रिस्ती, चर्चच्या कॉयरमध्ये लहानपणापासून गातात, त्यांना त्या गाण्यातलं कळतं. हिला घेऊन गेल्या त्या सोबत हवी म्हणून. पहिल्या दिवशी ही जायला तयारही नव्हती. "मला काय कळणार त्यातलं? दोन तास बसून येते, त्यांना बरं वाटेल," असं म्हणून गेली. परत आली ती संध्याकाळी दिवे लागल्यावर. डोळे लाल. मी घाबरलो. म्हटलं, काय झालं, कुणी काही बोललं का? तर म्हणते, "काय गातो हो तो!"

तो म्हणजे तिथला हिरो. नाव मी सांगणार नाही, कारण मला ते नीट उच्चारता येत नाही, आणि येत असतं तरी सांगितलं नसतं. मी त्याला जाड्या म्हणतो. जाड तो आहेच. मान अशी नाहीच, हनुवटीखालून थेट छाती सुरू होते. त्यावर काळी दाढी आणि वर टक्कल. बरं, ऑपेरात हा प्रियकर असतो. हिच्यासाठी मरतो, तिच्यासाठी मरतो, मरता मरता अर्धा तास गातो. मी हिला म्हटलं, एवढा दम असेल तर मरतो कशाला? ही हसली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या विनोदाला ही निदान 'हं' तरी म्हणायची.

आता माझी बाजू सांगतो, म्हणजे हा जळफळाट उगाच नाही हे कळेल.

मी गातो. आमच्या गावच्या भजनी मंडळाचा मी बुवा आहे. बुवा म्हणजे पुढे बसून पेटी वाजवत अभंग सांगणारा. सरकारी नोकरी केली, वाडी सांभाळली, केळी लावली, सोनचाफा लावला, पण गावात मला कुणी साहेब म्हणून ओळखत नाही की वाडीवाला म्हणून. बुवा म्हणूनच ओळखतात. अर्नाळ्यापासून पार वसईच्या किल्ल्यापर्यंत कुठंही भजन असलं तर बोलावणं येतं. एका सप्त्यात माझं गाणं ऐकून एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून माझ्या पायावर ठेवलं होतं. हे मी सांगत नसतो, पण वेळ आली म्हणून सांगितलं.

आणि हिनं मला कधी समोर बसून ऐकलं नाही. मंडळाची पेटी आमच्या घरी असते, म्हणून दर गुरुवारची तालीम आमच्याच ओटीवर. चातुर्मासात दर रविवारी एकेका घरी पाळीनं भजन, त्यात आमचीही पाळी येते. घरात एवढं गाणं, आणि ही आत. देवळात आली तरी प्रसादाच्या पातेल्यापाशी. मी धरून चाललो होतो की हिला गाण्याचं अंगच नाही. एखाद्याला कारलं आवडत नाही, तसं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

पण गाण्याचं अंग नसलेली बाई परक्या भाषेत गाणाऱ्या जाड्या माणसासाठी डोळे लाल करून घरी येते, म्हणजे काय समजायचं? म्हणजे अंग आहे. कान आहे. रडूही येतं. फक्त माझ्या गाण्याला येत नाही. पिकतं तिथं विकत नाही हे वाडीवाल्याला कुणी शिकवायला नको, आमचा सोनचाफा आम्ही कधी विकत घेऊन माळला नाही. पण म्हणून तो माळायचाच नाही?

आणि चाफ्याचंच सांगतो. आमच्या दाराशी सोनचाफ्याची झाडं आहेत. पहाटे फुलं काढून पुड्या बांधून बाजाराला जातात. हिनं केसांत फूल घालणं कधीच सोडलं होतं. "केस उरलेत कुठे आता फूल खोचायला," म्हणायची. गेल्या सीझनच्या दुसऱ्या खेळाला निघताना बघतो तर ही आकडीची काठी घेऊन झाडाखाली उभी. स्वतःच्या हातानं दोन फुलं काढली, एक सांडोरच्या बाईंना, एक स्वतःला. इस्त्रीची साडी, खांद्यावर शाल, कारण तिथला एसी फार गार असतो, आणि अंबाड्यात चाफा. मी म्हटलं, "तो पडद्यावर असतो. त्याला वास येत नाही." म्हणाली, "मला येतो ना."

त्यानंतर मी त्याचा अभ्यास सुरू केला. शत्रूची माहिती हवी. मोबाइलवर त्याची गाणी मिळतात. मी वाडीत मोटार चालू केली की पंपाच्या खोलीत बसून ती बघायचो, पंपाच्या आवाजात घरापर्यंत काही जात नाही. जेवढं बघितलं त्यावरून सांगतो, त्यात ताल म्हणाल तर नाही. म्हणजे असेलही, पण धरायला सापडत नाही. त्याच्या मागे वाजवायला शे-दीडशे माणसं, सगळी कोट घालून. मला एक मृदंगवाला आणि चार टाळकरी मिळतात, त्यातला एक नेहमी उशिरा येतो. माझ्या मागे शे-दीडशे माणसं वाजवायला बसवा, मग बघू. आणि मध्यंतरात म्हणे हा पडद्यामागं घाम पुसत मुलाखत देतो, पाणी पितो, आईची आठवण सांगतो. हिला त्याच्या आईचं गावसुद्धा ठाऊक. माझ्या आईचं माहेर कुठलं ते विचारा तिला. बरोबर सांगेल म्हणा, पण ती गोष्ट वेगळी.

मी पहाटे रियाझ वाढवला. ज्येष्ठमध चघळायला लागलो. जाड्या जसा वरच्या सुरावर जाऊन तिथंच बिऱ्हाड करतो, तसं करून बघितलं. दोन दिवसांत आवाज बसला. ही आतून म्हणाली, "शेजाऱ्यांची म्हैस आटली तर मला सांगू नका."

सीझनच्या शेवटच्या खेळाला सांडोरच्या बाईंना ताप आला. तिकिटं काढलेली. ही मला म्हणाली, "तुम्ही येता का?" आता येता का म्हणजे काय, मी वर्षभर हिनं हेच विचारण्याची वाट बघत होतो. पण तसं दाखवलं नाही. म्हटलं, "बघू, वाडीत काम आहे." आणि भजनाचा पांढरा झब्बा काढून इस्त्री केला.

थिएटरात तीसेक माणसं असतील. बरीचशी उतारवयातली, काही चर्चमधली, हिला ओळखणारी. एकीनं माझ्याकडे बघून 'हेच का ते बुवा' असं हिला विचारलं, तेव्हा मला बरं वाटलं. खुर्च्या मऊ, पाय लांब करता येतात अशा. दिवे गेले. खाली इंग्रजीत अर्थ येत होता, तो वाचावा की गाणं ऐकावं या गडबडीत माझा पहिला अंक गेला. दुसऱ्या अंकात जाड्याचं आणि माझं जमायला लागलं, हे मला कबूल केलं पाहिजे. मी मांडीवर ताल धरायला लागलो. हिनं माझा हात धरून खाली ठेवला. मी दुसऱ्या मांडीवर धरला.

शेवटी शेवटी असा प्रसंग आला की याची बाई याला सोडून गेली आहे आणि हा एकटा पायरीवर बसून गातो. वाद्यं हळूहळू थांबली. सगळं शांत. त्यानं एक ओळ घेतली, वर नेली, सोडली, आणि थांबला. आता आमच्यात असं आहे की बुवानं ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलायची. समोर बसलेल्यांनीसुद्धा. ओळ तशीच पडू दिली तर तो गाणाऱ्याचा अपमान असतो. दुसऱ्या गावचा बुवा असो, त्याच्याशी तुमचं भांडण असो, बोलणं बंद असो, त्यानं ओळ सोडली की उचलायची. भजनावरून उठून मग हवं तर मारामारी करा. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून टाळ घेऊन मागे बसत आलोय. जाड्यानं ओळ सोडली, कुणी उचलेना. एक क्षण गेला.  मला राहवलं नाही. माझा त्याच्यावर कितीही राग असला तरी गाणाऱ्या माणसाची ओळ अशी पडू देणं मला जमणार नव्हतं. शब्द येत नव्हते, म्हणून नुसत्या आ-कारात, पण त्याच सुरात, खणखणीत, मी ती उचलली.

सबंध थिएटरात माझा आवाज. मागून कुणीतरी 'शू' केलं. पुढच्या रांगेतल्या दोन मुली वळून बघायला लागल्या. हिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली. पडद्यावर तो पुढे गायला लागला, त्याला काय कळणार.

परतीच्या रिक्षात ही पूल येईपर्यंत शाल डोक्यावरच घेऊन बसली. पूल उतरल्यावर म्हणाली, "पुढच्या सीझनला तुम्ही घरी."

मी म्हटलं, "ओळ पडली असती."

"तो तिथं नव्हता हो. पडदा होता तो."

"मग तू रडतेस ती कुणासाठी? पडद्यासाठी?"  रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

तेव्हा यंदाच्या सीझनला मी नाही, हे असं ठरलं. मे महिन्यापासून ही यंदाची वाट बघत होती. उन्हाळा वाट बघण्यात गेला, पावसाळा वाट बघण्यात गेला. सांडोरच्या बाई केळीची भाजी घेऊन येत, दोघी ओटीवर बसून बोलत, आणि मी आलो की विषय केळीवर यायचा. एकदा आतून ऐकलं, सांडोरच्या बाई सांगत होत्या, "पहिल्याच खेळाला तो आहे गं." यावर हिनं जे 'हो?' म्हटलं, तसं 'हो?' माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी म्हटल्याचं आठवत नाही.

मग मंडळाची पाळी लागली. चातुर्मासातली घरांची पाळी ठरलेली असते, ती वर्षानुवर्षं त्याच क्रमानं फिरते. आमची पाळी नेमकी त्याच रविवारी आली, ज्या रविवारी पहिला खेळ. आमचे मृदंगवाले मिठागरांच्या बाजूचे, वयानं मोठे, मनानं सरळ. ते म्हणाले, "बुवा, बदलून घे ना पाळी. त्यात काय हाय? कोन नाय म्हननार नाय."

बदलून घेता आली असती. मी घेतली नाही. मला बघायचं होतं. सरळ सांगतो, मला बघायचं होतं की घरात नवऱ्याचं भजन आणि तिकडे जाड्या, यात ही काय निवडते.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी म्हटलं, "त्या रविवारी आपल्याकडे भजन आहे."

हिनं आमटी वाढली. "कुठल्या?"

"तुझ्या खेळाच्या."

मला वाटलं आता ही चिडेल, मग रडेल, मग सांडोरला फोन लावेल. मी मनात उदारपणे पाळी बदलून घ्यायचीही तयारी ठेवली होती, पण तिनं म्हटल्यावर. ही म्हणाली, "मग करा की. मी सगळं काढून ठेवून जाईन." आणि स्वतःच्या ताटात भात घेतला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार काय? 'जाऊ नकोस' म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि साठी उलटलेल्या माणसानं बायकोला सांगायचं काय, की परदेशातल्या जाड्याचा मला मत्सर वाटतो?

तो रविवार आला. हिनं सकाळीच ओटी झाडून सतरंजी घातली. स्वयंपाकघरात मोठं पातेलं, कप, साखर, चहाची पूड, आलं, गवती चहा, सगळं मांडून ठेवलं. "दूध उतू जाऊ देऊ नका, एवढंच बघा," म्हणाली. मग आकडी घेऊन चाफ्याखाली गेली. जेवण झाल्याबरोबर रिक्षा आली, रिक्षात सांडोरच्या बाई आधीच बसलेल्या. त्यांनी मला हात केला. मी केला नाही, म्हणजे माझ्या हातात टाळ होते असं दाखवलं.

मंडळी जमली. मी त्या दिवशी काय गायलो ते विचारू नका. पहिल्या दोन अभंगांतच माणसं डोलायला लागली. रस्त्यानं जाणारी दोघं आत येऊन बसली. मी प्रत्येक ओळ आचोळ्याच्या दिशेनं गात होतो. तिसऱ्या अभंगाच्या शेवटी मृदंगवाल्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बुवा, गळा सुकला. च्या-पानी?"

सगळे आत बघायला लागले. आतून कप वाजण्याची सगळ्यांना सवय. आत कुणी नव्हतं. "वहिनी?" "बाहेर गेल्यात," मी म्हटलं. मी कुणाला तरी सांगितलं असतं, पण पाळी आमच्या घरची, आणि दुसऱ्याच्या घरातल्या माणसानं चहा करायचा ही आमच्यात रीत नाही. मंडळात एक तरुण बुवा आहे, बँकेत नोकरीला, आवाज बरा आहे, पण घाई करतो. त्याच्याकडे पेटी सरकवली आणि मी आत गेलो.

वीस-बावीस माणसांचा चहा म्हणजे काय असतं, हे मला तोवर फक्त पिऊन ठाऊक होतं. पाणी उकळायला वेळ लागतो. दूध मात्र वेळ लावत नाही. गॅसचा आवाज, वर पंख्याचा आवाज, आणि भिंतीपलीकडून टाळ. नुसते टाळ. तरुण बुवानं माझाच अभंग धरला होता, चाल माझी होती, पण शब्द काही कळेना. मी पातेल्यापाशी उभा राहून मनात म्हटलं, बघा, एवढं सांगतो तरी पोरगा शब्द गिळतो. नुसता आवाज काढतो. त्याला आज सांगायचं, शब्द स्वच्छ टाक. मध्येच बाहेर कुणी 'वा!' म्हणालं. कशाला म्हणालं ते आत समजेना. मी कान भिंतीला लावला, तेवढ्यात दूध उतू गेलं.

ओटा पुसून, गाळून, ट्रे घेऊन दाराशी आलो, आणि पोरगा गात होता. शब्द स्वच्छ होते. एकेक अक्षर वेगळं ऐकू येत होतं. मी त्याला काही बोललो नाही. चहा वाटला, कप गोळा केले, पुन्हा आत नेऊन ठेवले, आणि बाहेर आलो तोवर आरती सुरू झाली होती. माझ्या घरच्या भजनात शेवटचे अभंग मी ऐकलेच नाहीत.

ही आली तेव्हा मंडळी गेली होती, सतरंजी तशीच होती. शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. अंबाड्यातला चाफा तपकिरी झाला होता. डोळे बघितले. लाल.

"कसा होता तुझा जाड्या?" मी विचारलं.

"आज नव्हताच तो," ती म्हणाली. "घसा धरला म्हणे. आयत्या वेळी दुसराच उभा केला. बारीकसा होता, काही खास नव्हता."

मला किती आनंद झाला असेल याची कल्पना करा. मला हसूच आवरत नव्हतं. "अरेरे," म्हटलं. "म्हणजे फुकट गेली दुपार."

"छे हो. छान गेली."

"मग डोळे का लाल?"

"रडले की."

"काही खास नसलेल्या माणसासाठी?"

ती वाकून सतरंजीची घडी घालायला लागली होती, ती तशीच थांबली. म्हणाली, "तो आहे, दुसरा आहे, त्याचं काय एवढं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येतं हो तिथं. मध्ये उठावं लागत नाही."

मी हिला इतकी वर्षं ओळखतो. हिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिनं सतरंजीची घडी पुरी केली आणि कप विसळायला आत निघाली.

मी म्हटलं, "कप राहू दे. बस इथं."

"का?"

"बस. एक म्हणून दाखवतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. 'आता?' असं काही म्हणेल, हसेल, असं वाटलं. ती खुर्ची ओढून पेटीच्या समोर बसली. पाय लांब केले. हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिली, थिएटरात बसते तशी. मी पेटीचा भाता उघडला. सूर धरला. कुठला अभंग घ्यावा ते सुचेना. एक सुचला तर त्याची पहिली ओळ आठवेना. हजार माणसांत गायलोय मी, पागोटं पायावर आलंय माझ्या, आणि एक बाई समोर बसली तर गळ्यातून आवाज फुटेना. ती वाट बघत होती. घाई करत नव्हती.

हजारो माणसं त्याच्याकडे अशीच बघत बसलेली असतात, आणि तो जाड्या तोंड उघडून सरळ गायला लागतो. कसं जमत असेल त्याला?